आरशापलीकडून आलेला फोन

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की समोरचा माणूस दोन सेकंद गप्प होतो. 'लहान मुलांच्या मानसिक आरोग्याच्या ओपीडीमधल्या साहाय्यक कर्मचाऱ्यांच्या पर्यवेक्षणाचा इतिहास.' माझ्या मावशीनं तर सरळ विचारलं, "म्हणजे कोणी कोणावर लक्ष ठेवायचं त्याचा इतिहास? त्याला पीएचडी कशाला लागते?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर द्यायला मला तीन वर्षं लागली, आणि आज त्यातला एक तुकडा सांगणार आहे.

आधी अडचण काय आहे ते बघू. समजा, अकरा वर्षांचा एक मुलगा शाळेत जायचं नाव काढत नाही. आईवडील त्याला ओपीडीत घेऊन येतात. डॉक्टर मुलाला बघतात, पण आईशी तासभर बोलायचं, घरी जाऊन यायचं, शाळेतल्या बाईंना भेटायचं, दर आठवड्याला मुलासोबत बसायचं, हे सगळं करतं दुसरंच कोणीतरी. ते माणूस डॉक्टरपेक्षा कमी पगाराचं असतं, बऱ्याचदा बाई असते, आणि नावाला 'मदतनीस' असते. आता या बाईंचं काही चुकलं तर कळणार कसं? शस्त्रक्रियेत शिकाऊ डॉक्टरचा हात थरथरला तर वरिष्ठांना तो दिसतो. इथे दार बंद असतं. आत फक्त बोलणं चाललेलं असतं, आणि ते बोलून झालं की हवेत विरून जातं. मुलगा तक्रार करणार नाही. आईला वाटेल, असंच बोलत असतील हे लोक.

हवेत विरणारं बोलणं पकडायचं कसं, यावर गेल्या शंभर वर्षांत मुख्यतः तीन उत्तरं निघाली: ते लिहून काढा, ते ध्वनिमुद्रित करा, किंवा ते चालू असतानाच बघा. यातलं पहिलं आणि तिसरं उत्तर अमेरिकेतल्या एकाच दवाखान्यात, फिलाडेल्फियाच्या बालमार्गदर्शन केंद्रात, साधारण चाळीस वर्षांच्या अंतरानं आकाराला आलं. म्हणून माझ्या प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण या केंद्रावर आहे.

पण गोष्ट त्याच्याही आधी सुरू होते, आणि जरा उलटीच सुरू होते. अमेरिकेतली पहिली 'चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी' १८७७ साली बफेलो शहरात निघाली. गरिबांच्या घरी भेटी द्यायला सुखवस्तू घरातल्या स्त्रिया स्वयंसेवक म्हणून जायच्या. त्यांना म्हणत 'फ्रेंडली व्हिजिटर', म्हणजे मैत्रीच्या नात्यानं भेटायला येणारी. त्यांच्या भेटींचा हिशेब ठेवायला संस्थेचा एक पगारी माणूस असे. म्हणजे समाजकार्यातलं पर्यवेक्षण जन्मलं तेव्हा खालच्या आर्थिक थरातला पगारदार वरच्या थरातल्या बिनपगारी बाईंना काम समजावून सांगत होता. बाईंना राग येऊ न देता! पर्यवेक्षणाच्या भाषेत आजही जो एक मऊपणा आहे, 'मला असं वाटतं की कदाचित', तो तिथून आला असावा असा माझा अंदाज आहे. माझ्या गाइडना हा अंदाज अजिबात पटलेला नाही.

१९१७ साली मेरी रिचमंड यांचं 'सोशल डायग्नोसिस' आलं आणि घरभेट ही परोपकाराची गोष्ट न राहता पुरावा गोळा करण्याची पद्धत झाली. १९१८ साली पहिल्या महायुद्धाच्या गरजेतून स्मिथ कॉलेजात मानसोपचारातल्या समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं. आणि १९२२ पासून कॉमनवेल्थ फंड या धर्मादाय निधीनं अमेरिकेतल्या शहरांमध्ये नमुन्यादाखल बालमार्गदर्शन केंद्रं उघडायला पैसे दिले. पहिलं सेंट लुईसला. फिलाडेल्फियाचं १९२५ साली. फ्रेडरिक ॲलन त्याचे संचालक झाले आणि पुढची तीस वर्षं तिथेच राहिले.

या केंद्रांची रचना ठरलेली होती. मानसोपचारतज्ज्ञ मुलाला बघणार, मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेणार, आणि समाजकार्यकर्ती आईला 'घेणार'. 'घेणार' हाच शब्द वापरात होता. डॉक्टर बहुतेक पुरुष, समाजकार्यकर्ती बहुतेक स्त्री. कागदावर तिघांचं पथक, पण उतरंड सगळ्यांना माहीत. समाजकार्यकर्ती ही त्या काळची साहाय्यक कर्मचारी होती. आज तो मोठा व्यवसाय आहे, त्यामुळे हे विसरायला होतं.

आता पहिलं उत्तर. कार्यकर्ती आईशी बोलून यायची आणि मग बसून सगळं संभाषण आठवून लिहून काढायची. ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, मग ती खिडकीकडे बघत राहिली, मला वाटलं आपण फार घाई केली. याला 'प्रोसेस रेकॉर्ड' म्हणतात. आठवड्यातून एकदा पर्यवेक्षिका तो कागद समोर ठेवून तिच्यासोबत तासभर बसायची. समासात शेरे असायचे.

आपल्याकडे ज्यांनी एमएसडब्ल्यू केलंय त्यांना हे वाचून हसू आलं असेल. आपलं फील्डवर्कचं रेकॉर्डिंग आणि दर आठवड्याची 'आयसी', म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, याच घराण्यातली. आणि हे नातं नुसतं लांबचं नाही. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे. त्यांनी मुंबईत नागपाडा नेबरहुड हाउस चालवलं, आणि १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं तेव्हा तेच पहिले संचालक होते. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, त्या संस्थेनं बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. तेच स्कूल आज आपण 'टिस' म्हणून ओळखतो. रात्री अकरा वाजता 'उद्या आयसी आहे आणि माझे दोन रिपोर्ट राहिलेत' म्हणून धावपळ करणारी आपली पोरं एका शंभर वर्षांच्या परंपरेत आहेत. त्यांना हे ऐकून बरं वाटेल की नाही, माहीत नाही.

फिलाडेल्फियात या पद्धतीला तात्त्विक पाया दिला तो जेसी टॅफ्ट आणि व्हर्जिनिया रॉबिन्सन या दोघींनी. दोघी पेनसिल्व्हेनियाच्या समाजकार्य विद्यालयात शिकवायच्या, एकत्र राहायच्या, दोन मुलं त्यांनी दत्तक घेतली होती. फ्रॉइडपासून फुटून निघालेल्या ऑटो रँक यांचा दोघींवर आणि ॲलन यांच्यावरही मोठा प्रभाव. रॉबिन्सन यांचं 'सुपरव्हिजन इन सोशल केस वर्क' १९३६ साली प्रसिद्ध झालं. त्यातला मुख्य मुद्दा मी माझ्या शब्दांत सांगतो: पर्यवेक्षण म्हणजे तपासणी नव्हे आणि उपचारही नव्हे. ते एक नातं आहे, त्याला सुरुवात आहे, ठरलेला शेवट आहे, आणि संस्थेचं काम ही त्याची मर्यादा आहे. शिकणारी बाई या नात्यात जे अनुभवते, धाक, विरोध, आधार, तेच ती पुढे आईसोबत वापरायला शिकते.

मला हे पुस्तक आवडतं. पण त्यात एक भोक आहे. पर्यवेक्षिकेनं ती आई कधीच पाहिलेली नसते. तिच्या समोर असतो तो कार्यकर्तीनं आठवून लिहिलेला कागद, आणि माणूस आपल्याला जे ऐकू आलं तेच आठवतो. जे ऐकूच आलं नाही ते कागदावर येणार कुठून? चुका लपवणं तर पुढची गोष्ट. त्यात कागद जितका छान लिहिलेला तितकं काम छान वाटतं. म्हणजे या पद्धतीत चांगलं लिहिता येणं ही नकळत एक अट झाली. शिकलेल्या, मध्यमवर्गीय, गोऱ्या मुलींना ती अट जाणवलीच नाही.

बर्था रेनॉल्ड्स यांनी १९४२ च्या पुस्तकात शिकण्याचे पाच टप्पे सांगितले. पहिला, स्वतःची तीव्र जाणीव, म्हणजे हातापायांचं काय करायचं तेच सुचत नाही. दुसरा, बुडा नाहीतर पोहा. तिसरा, काय चाललंय ते कळतं पण आपल्या वागण्यावर ताबा नसतो. चौथा, बऱ्यापैकी हातोटी. पाचवा, दुसऱ्याला शिकवणं शिकणं. यातला तिसरा टप्पा मला सगळ्यात खरा वाटतो. आयसीत बसल्यावर सगळं कळतं, पुन्हा त्या आईसमोर बसलं की तोंडातून तेच जुनं वाक्य निघतं. कागदावरचं पर्यवेक्षण माणसाला तिसऱ्या टप्प्यापर्यंत छान आणतं. पुढे ढकलायला ते कमी पडतं.

दुसरं उत्तर, ध्वनिमुद्रण, इथे फक्त ओझरतं सांगते. कार्ल रॉजर्स हे नाव आपण समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात पाठ करतो, पण ते मूळचे बालमार्गदर्शनाच्याच दुनियेतले. १९२७-२८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'इन्स्टिट्यूट फॉर चाइल्ड गाइडन्स'मध्ये शिकाऊ, मग १९३९ पर्यंत रॉचेस्टरला मुलांसोबत काम. तिथे टॅफ्ट यांच्या विचारांशी त्यांचा संबंध आला. ओहायोला प्राध्यापक झाल्यावर त्यांनी मुलाखती तबकडीवर मुद्रित करून विद्यार्थ्यांना ऐकवायला सुरुवात केली. तबकडी काही मिनिटांतच भरायची आणि बदलावी लागायची. पण पहिल्यांदाच कार्यकर्त्याच्या आठवणीतून न गाळलेलं बोलणं पर्यवेक्षकाच्या कानावर पडलं. १९४२ च्या पुस्तकात त्यांनी एक आख्खी उपचारमालिका शब्दशः छापली. 'मी फक्त ऐकून घेतलं' म्हणणारा माणूस प्रत्यक्षात किती सल्ले देत असतो, हे टेपनं उघडं पाडलं.

आता १९६० चं दशक. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. केंद्रं उभी राहणार होती, पण माणसं कुठून आणायची? मार्गारेट रिओक यांनी १९६० पासूनच वॉशिंग्टनजवळ आठ स्त्रियांना दोन वर्षं शिकवून समुपदेशक बनवायचा प्रयोग केला होता. पण त्या पदवीधर, चांगल्या घरच्या बायका होत्या. पुढची कल्पना जास्त धाडसी होती: गरीब वस्तीतल्याच लोकांना कामाला घ्या, त्यांनाही नोकरी मिळेल आणि वस्तीलाही आपलं माणूस मिळेल. १९६५ च्या 'न्यू करिअर्स फॉर द पुअर' या पुस्तकानं या कल्पनेला नाव दिलं.

नाव मिळालं, पण शिडी मिळाली नाही. साउथ ब्राँक्समधल्या लिंकन हॉस्पिटलच्या मानसिक आरोग्य विभागात मार्च १९६९ मध्ये बिगरव्यावसायिक कर्मचाऱ्यांनी विभागाचाच ताबा घेतला. ज्यांनी त्यांना सन्मानानं कामाला घेतलं होतं, त्याच पुरोगामी डॉक्टरांविरुद्ध. वस्तीतले म्हणून कामाला घेतलं, पण वर जायची वाट नाही आणि निर्णयात आवाज नाही, ही त्यांची व्यथा होती. मी हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा डॉक्टरांची कीव आली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा नाही आली.

त्याच १९६९ साली फिलाडेल्फियाच्या आपल्या केंद्रात तिसरं उत्तर आकार घेत होतं. ॲलन जाऊन बरीच वर्षं झाली होती. १९६५ पासून संचालक होते साल्व्हादोर मिनुचिन, अर्जेंटिनात वाढलेले ज्यू मानसोपचारतज्ज्ञ. न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक शाळेत त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांच्या कुटुंबांसोबत काम केलं होतं. तिथले त्यांचे सहकारी, पोर्तो रिकोचे ब्राउलिओ मोंतालव्हो, त्यांच्यासोबत आले. कॅलिफोर्नियाहून जे हेली आले, ज्यांच्याकडे मानसोपचाराची कुठलीच पदवी नव्हती. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते असं मला वाटतं.

मिनुचिननी केंद्राची जुनी रचनाच मोडली. मूल एका खोलीत आणि आई दुसऱ्या खोलीत हे बंद, सगळं कुटुंब एकाच खोलीत. शहरातले बरेच मानसोपचारतज्ज्ञ यावर नाराज होते. त्यात या मंडळींनी सरकारी अनुदान मिळवून दोन वर्षांचा एक पूर्णवेळ प्रशिक्षणक्रम काढला: वस्तीतल्या, मुख्यतः कृष्णवर्णीय, शाळेपुढे न शिकलेल्या माणसांना कुटुंबोपचारक बनवायचं. घरभेटीचे मदतनीस नव्हे, दुभाषे नव्हे, तर थेट उपचारक.

आणि इथे प्रोसेस रेकॉर्ड कोसळला. पानंपानं लिहिण्याची सवय नसलेल्या माणसाकडून लिहून घेऊन तुम्ही त्याचं काम तपासणार कसं? तपासाल ते त्याचं लेखन. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि भिंतीत एकतर्फी आरसा बसलेली खोली घेतली. आत कुटुंब आणि शिकाऊ उपचारक. आरशापलीकडे पर्यवेक्षक आणि बाकीचे शिकाऊ. आतमध्ये एक फोन. गाडी घसरतेय असं वाटलं की फोन वाजायचा, किंवा पर्यवेक्षक उपचारकाला बाहेर बोलवायचा, क्वचित स्वतः आत जाऊन बसायचा. नंतर व्हिडिओ टेप लावून पुन्हा सगळं बघायचं.

गंमत म्हणजे एकतर्फी आरसा नवीन नव्हता. पण तोवर आरशामागून बघायचं ते मुलाला किंवा कुटुंबाला. इथे बघितलं जात होतं ते कर्मचाऱ्याला, तेही मध्येच हात घालण्यासाठी.

ऐकायला हे भयंकर वाटतं. कॉल सेंटरमधल्या 'तुमचा कॉल रेकॉर्ड केला जाईल'सारखं. पण हेलींचा युक्तिवाद असा होता की शिकाऊ माणसाच्या चुकांची किंमत कुटुंबानं का मोजायची? मंगळवारी केलेली चूक शुक्रवारी आयसीत कळून त्या आईला काय उपयोग? फोन त्याच मिनिटाला वाजला तर त्याच मिनिटाला वाक्य बदलता येतं. रेनॉल्ड्स यांचा तिसरा टप्पा आठवा: कळतंय पण जमत नाही. हा फोन बरोबर त्या फटीत वाजतो. हेलींचं आणखी एक म्हणणं होतं, की ज्यांनी आधी काही शिकलेलं नाही त्यांना विसरावंही कमी लागतं. पदवीधारकांना हे ऐकून काय वाटलं असेल, कल्पना करा.

मोंतालव्होंनी या पद्धतीवर १९७३ साली 'फॅमिली प्रोसेस' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. माझ्या मते या विषयावरचं ते सगळ्यात प्रामाणिक लेखन आहे, कारण धोका कुठे आहे ते त्यात दडवलेलं नाही. पर्यवेक्षक फोन करतच राहिला तर आतला माणूस रिमोट कंट्रोलवर चालणारं खेळणं होतो. कुटुंबाला ते लगेच कळतं, आणि मग ते उपचारकाकडे न बघता फोनकडे बघायला लागतात. म्हणून सत्राच्या आधी दोघांनी बसून हद्द ठरवायची. पर्यवेक्षक बोलावू शकतो, तसाच उपचारकही स्वतःहून बाहेर येऊन विचारू शकतो. सूचना मोजक्या द्यायच्या. आणि प्रत्येक माणसाची आपली एक ढब असते, ती मोडायची नाही.

हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. वस्तीतली बाई तिच्यासारख्याच आईशी ज्या भाषेत बोलते, त्या भाषेसाठीच तर तिला घेतलं. फोनवरून तिला 'व्यवस्थित' बोलायला लावलं तर सगळा खटाटोप कशासाठी? लिंकनमध्ये जे बिघडलं ते थोडंफार इथे सावरलं गेलं, असं मी प्रबंधात मांडते, आणि त्याचं कारण चांगुलपणा नव्हे तर पद्धत होती असंही. आरसा दोन्ही बाजूंना लागू होता. शिकाऊ लोक आरशामागे बसून मिनुचिन आणि हेलींचंही काम बघत होते. मोठ्या माणसाचं सत्र फसताना बघायला मिळणं ही चैन रॉबिन्सनबाईंच्या विद्यार्थिनींना कधी मिळाली नव्हती.

पण शिडीचा प्रश्न इथेही सुटला नाही. फिलाडेल्फियाला असेपर्यंत माणूस उपचारक होता. दुसऱ्या शहरात गेला की पुन्हा बिनपदवीचा. १९७० च्या दशकाच्या मध्यावर मिनुचिननी संचालकपद सोडलं, हेली वॉशिंग्टनला गेले. थेट पर्यवेक्षणाची पद्धत मात्र जगभर गेली. आरसा आणि फोन कुटुंबोपचाराच्या कितीतरी प्रशिक्षणसंस्थांमध्ये पोचले, आणि तिथे त्यांच्यापुढे बसू लागले ते बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थी. ज्यांना लिहिणं जड जातं म्हणून पद्धत घडली, ते त्या पद्धतीतून बाहेर पडले. हे वाक्य प्रबंधात असंच ठेवायचं की मऊ करायचं, यावर सध्या माझी आणि गाइडची 'आयसी' चालू आहे.

याच्याशी जोडलेला एक आपल्याजवळचा धागा. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगत' या संस्थेची सुरुवात मुलांच्या विकासाच्या आणि मानसिक आरोग्याच्या कामातून झाली. मानसोपचाराची पदवी नसलेले समुपदेशक हा पुढे त्यांच्या कामाचा कणा झाला. मोठ्या माणसांच्या नैराश्यावर काम करताना त्यांनी पर्यवेक्षणाचा वेगळाच प्रकार करून पाहिला: समुपदेशकांनी एकमेकांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणं गटात ऐकायची आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहकाऱ्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. स्वमग्न मुलांसाठीचा त्यांचा 'पास' हा प्रकल्प गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी झाला, ६५ मुलांसोबत. तिथे आई आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ काढायचा आणि आईसोबतच बसून तो बघायचा, हीच मुळात उपचाराची पद्धत होती. म्हणजे कॅमेरा आता आईच्याही हाताशी आला.

परवा मावशीला हे सगळं सांगितलं. ती तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आमच्याकडे मुख्यसेविका यायच्या, रजिस्टर बघायच्या, सही करून जायच्या. पोरांशी मी कशी बोलते ते एकदाही कोणी बघितलं नाही."

मी विचारलं, "बघितलं असतं तर आवडलं असतं का?"

"कोण बघतंय त्यावर आहे ते," म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.